आधी पेटी, मग साप: कॉर्न स्नेकचं घर कसं मांडावं

कॉर्न स्नेक विकत घ्यायला अर्धा तास पुरतो. त्याची पेटी तापून स्थिर व्हायला आठवडा लागतो. घोटाळा होतो तो इथेच. साप शनिवारी घरी येतो आणि थर्मोस्टॅट मंगळवारी कुरियरने. मधले तीन दिवस पिल्लू थंड काचेवर वेटोळं घालून बसतं, रविवारी हौसेने भरवलेला उंदीर सोमवारी अर्धवट पचलेल्या अवस्थेत बाहेर टाकतं, आणि मग ‘आमचा साप खात नाही’ ही तक्रार सुरू होते. म्हणून इथलं बहुतेक काम साप येण्याआधीच्या आठ दिवसांचं आहे.

आधी कायद्याचं. महाराष्ट्रात अंगणात निघालेली धामण किंवा अजगराचं पिल्लू पकडून पेटीत ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. तिथे सर्पमित्राला किंवा वनखात्याला फोन करायचा आणि विषय संपवायचा. हा मजकूर मुख्यतः अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमधल्या त्या मराठी घरांसाठी आहे, जिथे मुलांनी वर्गातल्या मित्राकडे साप पाहून हट्ट धरलेला असतो. तिथेही सरसकट मोकळीक नाही. हवाई बेटांवर कुठलाच साप पाळता येत नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात कॉर्न स्नेक स्थानिक असल्यामुळेच पाळायला बंदी आहे. न्यू जर्सीत तो राज्याच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे, तेव्हा तिथे परवान्याची चौकशी पैसे देण्याआधी करा. ऑस्ट्रेलियात तो बेकायदा आहे आणि न्यूझीलंड, सिंगापूरमध्ये तर पाळीव साप हा प्रकारच चालत नाही. भाड्याचं घर असेल तर करारपत्रात ‘पेट्स’चं कलम वाचा; कुत्र्यामांजरांना परवानगी म्हणजे सापाला परवानगी नव्हे.

कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, आपल्याकडच्या तस्कर सापाच्या बांध्याचा. नाव कसं पडलं याबद्दल दोन गोष्टी सांगतात: मक्याच्या कणग्यांपाशी तो उंदरांमागे सापडायचा म्हणून, किंवा पोटावरचे काळेपांढरे चौकोन मक्याच्या रंगीत दाण्यांसारखे दिसतात म्हणून. अंड्यातून निघालेलं पिल्लू वीतभर किंवा थोडं जास्त, बॉलपेनच्या रिफिलपेक्षा जरा जाड. पूर्ण वाढला की तीन ते पाच फूट. आयुष्य १५ ते २० वर्षं. दहा वर्षांच्या मुलाने हट्टाने आणलेला साप ते मूल कॉलेजला गेल्यावर आईबाबांच्या वाट्याला येतो, हा हिशेब आधीच घालावा.

आणि शाकाहारी घरांसाठी एक रोखठोक गोष्ट. पेटीतला हा प्राणी उंदरांवरच जगतो, तोही अख्खा उंदीर. पनीर, दूध यातलं काहीही त्याला चालत नाही. नागपंचमीचं दूध सापाला पचत नाही, तिथला तहानलेला साप ते पाणी समजून पितो. गोठवलेले उंदीर महिनोन् महिने तुमच्या फ्रीजरमध्ये राहणार. त्यासाठी झाकणाचा वेगळा डबा किंवा छोटा वेगळा फ्रीजर लागेल. घरातल्या आजींना हे मान्य आहे का, ते साप आणण्याआधी विचारा, नंतर नव्हे.

पेटी

मोठ्या सापासाठी किमान ४ फूट लांब, २ फूट रुंद आणि शक्यतो २ फूट उंच पेटी घ्या. त्याने पूर्ण ताणून अंग सरळ करावं इतकी लांबी हवी, आणि उंची हवी कारण हा साप चढणारा आहे. जुन्या पुस्तकांतून २० गॅलनची टाकी जन्मभर पुरते असं लिहिलेलं सापडेल; पाच फुटी सापाला ती पुरत नाही.

पिल्लाला थेट मोठ्या पेटीत ठेवावं का, यावर वाद आहेत. मोठ्या जागेने पिल्लू घाबरतं असं म्हणतात. खरं तर ते उघड्या जागेने घाबरतं. पेटी पानांनी, फांद्यांनी, लपणांनी गच्च भरलेली असेल तर आकाराचं त्याला काही वाटत नाही. तरीही पहिल्या वर्षी २० गॅलन ‘लाँग’ टाकी (३० इंच बाय १२ इंच) बरी पडते, आणि कारण अगदी साधं आहे: मोठ्या पेटीच्या सरकत्या काचांमधल्या फटीतून पिल्लू निसटतं. पेन्सिल जिथून जाते तिथून ते जातं. पेटी घरी आली की हातात पेन्सिल घेऊन प्रत्येक कोपरा, वायरीचं भोक, जाळीची कड तपासा. वरून जाळीचं झाकण असेल तर चारही बाजूंना क्लिपा लावा; वर जाडजूड पुस्तकं ठेवणं हा उपाय नाही, कारण साप झाकण उचलत नाही, तो नाकाने एका कोपऱ्यात ढोसत राहतो आणि तो एकच कोपरा वर येतो.

जागा निवडताना खिडकी टाळा. थंडीतलं ऊनसुद्धा काचेतून आत आलं की पेटीची भट्टी होते आणि सापाला पळायला जागा नसते. स्वयंपाकघर टाळा, मिरचीच्या फोडणीचा ठसका त्यालाही बसतो, आणि त्याच्या पेटीतली घाण अन्नाजवळ नको. देवघराशेजारी ठेवू नका. उदबत्ती, धूप, कापूर, रूम फ्रेशनर, मच्छरांची कॉइल यांचा धूर बंद पेटीत साचतो आणि सापाचं फुप्फुस फार नाजूक असतं. आतल्या भिंतीला लागून, टीव्हीच्या स्पीकरपासून लांब, मजबूत टेबलावर पेटी ठेवा. काचेची चार फुटी पेटी भरल्यावर पन्नास किलोंच्या पुढे जाते. पुस्तकांचं हलकं शेल्फ तिला झेपत नाही.

ऊब

सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. तो खाल्लेलं पचवतो ते बाहेरून घेतलेल्या उष्णतेवर. म्हणून पेटीचं एक टोक गरम आणि दुसरं गार हवं. मधल्या चढउतारात तो आपली जागा आपण शोधतो. आकडे असे:

गरम टोकाला, साप जिथे प्रत्यक्ष बसतो त्या पृष्ठभागावर, ३० ते ३२ अंश सेल्सिअस (८६ ते ९० फॅरनहाइट). गार टोकाची हवा २२ ते २५ अंश. रात्री सगळी पेटी २० अंशांपर्यंत उतरली तरी चालतं. दिवसा गरम जागा २७ च्या वर जातच नसेल तर अन्न पोटात कुजतं आणि उलटी होते. ३५ अंशांच्या वर साप हवालदिल होतो, आणि पूर्ण पेटीच तेवढी तापली तर मरतो.

ऊब द्यायचे दोन सरळ मार्ग आहेत. पिल्लाच्या छोट्या काचटाकीसाठी टाकीखालची हीट मॅट, तळाच्या एक तृतीयांश भागाला पुरेल एवढी, एका टोकाला. मोठ्या पेटीसाठी वरून हॅलोजन फ्लड बल्ब, ७५ ते १०० वॅट. मॅटने तळ तापतो, हवा फारशी तापत नाही. दोन फूट उंच पेटीत नुसती मॅट अपुरी पडते, आणि लाकडी पेटीच्या खाली लावलेली मॅट तर लाकूडच तापवत बसते. हॅलोजन पेटीच्या आत असेल तर त्याला जाळीचं कवच हवंच, कारण साप उबेला गेला की बल्बलाच विळखा घालतो आणि भाजून निघतो. त्याला चटका वेळेवर कळत नाही, हे लक्षात ठेवा. पोटाची कातडी करपली तरी तो तिथेच पडून राहतो. याच कारणासाठी दुकानात मिळणारे ‘हीट रॉक’ (विजेवर तापणारे दगड) घेऊ नका. रात्रीसाठी म्हणून विकले जाणारे लाल बल्बही नकोत. सापाला रात्री अंधार लागतो. खोली रात्री २० अंशांच्या खाली जात असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावा, कवचासकट.

थर्मोस्टॅटशिवाय यातलं काहीही प्लगला लावू नका. मोकळी सोडलेली मॅट ४५ अंशांच्या वर सहज जाते. मॅटला साधा चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट चालतो, सिरॅमिकला पल्स प्रकारचा, हॅलोजनला डिमिंगवाला. हॅलोजनला चालू-बंदवाला लावला तर दिवसभर दिवा लुकलुकत राहतो, साप अस्वस्थ होतो आणि बल्ब लवकर उडतो.

थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं वायरीचं टोक) कुठे ठेवायचा, यावर सगळं अवलंबून असतं. बहुतेक जण तो पेटीच्या आत, भुशावर टाकून देतात. साप त्याच्यावरून जातो, प्रोब सरकत सरकत गार बाजूला पोचतो. किंवा पाण्याचं भांडं लवंडतं आणि प्रोब ओला होतो. प्रोबला वाटतं गार आहे, म्हणून मॅट पूर्ण जोराने तापत राहते, आणि वर डिजिटल पडद्यावर मात्र शांतपणे ‘२६’ दिसतं. म्हणून मॅटसाठी प्रोब टाकीच्या बाहेर, मॅट आणि काच यांच्या बरोबर मध्ये दाबून चिकटवा. तिथलं तापमान आतल्यापेक्षा दोन-चार अंश जास्त असतं, तेव्हा थर्मोस्टॅटवर ३४ लावून सुरुवात करा. चार तासांनी आतला भुसा बोटाने बाजूला करा, उघड्या काचेवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा आणि आकडा वाचा. ३२ च्या वर असेल तर एक अंश उतरवा, पुन्हा दोन तास थांबा. असं करत करत काचेवर ३१ आला की सोडून द्या. भुशाच्या वरचा आकडा मोजून समाधान मानू नका. साप भुसा उकरून थेट काचेला पोट लावतो.

मॅटच्या टोकाला तळाचा थर जाड ठेवू नका, एक-दोन सेंटीमीटर पुरे. जाड थराखाली उष्णता कोंडते, वर पोचत नाही, आणि काच तडकू शकते. टाकीच्या चार कोपऱ्यांखाली मॅटसोबत आलेले रबरी खुंट लावा, म्हणजे खालून हवा खेळते. हॅलोजनसाठी प्रोब आत लागतो: गरम जागेच्या फांदीला किंवा दगडाशेजारच्या भिंतीला झिप टायने घट्ट बांधा. चिकटपट्टी पेटीच्या आत कुठेच वापरू नका. सापाचे खवले तिला चिकटतात, आणि ओढून काढताना कातडी निघते.

यूव्हीबी (अतिनील किरणांची) ट्यूब अत्यावश्यक नाही. उंदीर अख्खा गिळल्यामुळे त्याला ‘डी’ जीवनसत्त्व अन्नातूनही मिळतं. पण मंद तीव्रतेची, ५ ते ७ टक्केवाली टी-५ ट्यूब लावली तर साप दिवसा जास्त बाहेर दिसतो. ट्यूब एका टोकाला, पेटीच्या निम्म्या लांबीची, आणि दरवर्षी बदलायची, कारण उजेड पडत राहिला तरी यूव्हीबी कमी होत जातं. लाल डोळ्यांच्या अल्बिनो (अमेल) जातीला डोळ्यांचा त्रास होतो, त्यांना जास्त सावली द्या. दिवे टायमरवर, रोज १२ तास.

तळ आणि लपणं

तळाला अ‍ॅस्पेन लाकडाचा भुसा घाला. तो दाबून ठेवला की बोगदा टिकतो आणि कॉर्न स्नेकला भुशात शिरून फक्त नाक बाहेर काढून बसणं फार आवडतं. चार बाय दोनच्या पेटीत चार इंच थर घालायचा तर साधारण ७५ लिटर भुसा लागतो. दुकानातली पिशवी दाबून भरलेली असते, पिशवीवर ‘एक्स्पांडेड’ आकडा पाहा. अ‍ॅस्पेन ओला झाला की दोन दिवसांत बुरशी धरतो, म्हणून पाण्याच्या भांड्याभोवती थोडी नारळाच्या सोडणाची चिप्स टाका. सीडरचा भुसा कधीही नको, कच्च्या पाइनचाही नको. त्यांच्या तेलकट वासाने सापाच्या फुप्फुसाला इजा होते. वाळूही नको. नव्या पिल्लाला पहिले तीन-चार आठवडे नुसता किचन पेपर अंथरा: विष्ठा कशी आहे, खाल्लेलं ठेवलं की टाकलं, अंगावर माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे) आहेत का, सगळं पांढऱ्यावर लगेच दिसतं.

लपणं कमीत कमी दोन, एक गरम टोकाला आणि एक गार टोकाला, दोन्ही सारखीच. एकच लपण असेल तर साप सुरक्षितता आणि ऊब यांपैकी एक निवडतो, आणि नेहमी सुरक्षितता निवडतो. गार टोकाच्या लपणात तो आठ-आठ दिवस बसून राहिला की अन्न पचत नाही. लपण ऐसपैस नको. वेटोळं घातल्यावर अंग तिन्ही बाजूंनी भिंतीला टेकायला हवं.

पिल्लासाठी बाजारातल्या प्लॅस्टिकच्या गुहेपेक्षा नारळाची करवंटी उत्तम, आणि ती मराठी घरात दर आठवड्याला निघतेच. खोबरं पूर्ण खरवडून घ्या. आत राहिलेल्या खोबऱ्याला ओलाव्यात बुरशी येते. बाहेरचा काथ्या सुरीने तासा. दहा मिनिटं उकळा, मग ओव्हनमध्ये १०० अंशांवर अर्धा तास वाळवा. दार पाडायचं ते मधोमध भोक करून नाही. काठालाच कानशीने अर्धगोल खाच पाडा, साधारण दोन सेंटीमीटर रुंद आणि तेवढीच उंच, आणि पॉलिश पेपरने कड बोटाला टोचणार नाही इतकी गुळगुळीत करा. मधोमध गोल भोक असेल तर उपाशी पिल्लू आत जातं आणि उंदीर खाऊन फुगल्यावर त्यातच अडकतं. काठाच्या खाचेतून ते अडकत नाही, आणि अडकलंच तर करवंटी उचलली की मोकळं. डोळ्याच्या बाजूची अर्धी वापरत असाल तर नारळाचा मऊ डोळाही धोक्याचा: पिल्लू त्यातून डोकं घालतं आणि खवले उलटे अडकल्यामुळे मागे घेता येत नाही. म्हणून शेंडीकडची अर्धी सोडून दुसरी घ्या. वाढत्या सापाला सहा-आठ महिन्यांत करवंटी अपुरी पडते. मग उपडी कुंडी, कॉर्कची साल, लाकडी खोका.

तिसरं लपण ओलं: छोटा प्लॅस्टिकचा डबा, झाकणाला दार, आत पिळून घेतलेलं स्फॅग्नम मॉस (ओलावा धरून ठेवणारं शेवाळ). हे मधल्या भागात ठेवा. कात टाकायच्या दिवसांत साप आपणहून त्यात जाऊन बसतो.

फांद्या सापाच्या जाडीएवढ्या किंवा थोड्या जास्त जाड, दोन टोकांनी भक्कम रोवलेल्या. बाहेरून आणलेली फांदी साल न सुटलेली, कीड नसलेली घ्या. ओव्हनमध्ये मावत असेल तर १२० अंशांवर अर्धा तास भाजा आणि त्या वेळी समोरून हलू नका. दगड ठेवायचा असेल तर आधी पेटीच्या तळावर दगड, मग भोवती भुसा. भुशावर दगड ठेवला तर साप खालून उकरतो आणि दगड त्याच्यावर बसतो. उरलेल्या उघड्या जागेत प्लॅस्टिकची पानं, सालीचे तुकडे भरा. पेटी तुम्हाला जरा जास्तच भरलेली वाटली की सापाला पुरेशी झाली.

पाणी आणि ओलावा

जड, न लवंडणारं भांडं, सापाला पूर्ण वेटोळं घालून बसता येईल एवढं, गार टोकाला. गरम टोकाला ठेवलं तर पाणी उडून सगळी पेटी दमट होते. पाणी रोज बदला. साप पाण्यातच तासन् तास बसायला लागला तर तीन शक्यता असतात: पेटी फार तापली आहे, हवा फार कोरडी आहे, किंवा माइट्स झाले आहेत. भांड्याच्या तळाशी मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसले तर माइट्सच.

हवेतला ओलावा ४० ते ६० टक्के. शिकागो किंवा टोरांटोच्या थंडीत सेंट्रल हीटिंग सुरू झालं की घरातली हवा २०-२५ टक्क्यांवर येते, तेव्हा जाळीचं निम्मं झाकण, दिव्याची जागा सोडून, अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीने झाका आणि भांडं जरा मोठं ठेवा. पाणी फवारत बसू नका. भुसा भिजतो आणि पोटाच्या खवल्यांना लाल फोड येतात. ओलावा मोजायला सुईवाला चिकटवायचा गोल मीटर घेऊ नका, तो कायम चुकीचं दाखवतो. प्रोबवाला डिजिटल घ्या, गार बाजूला ठेवा.

सापाशिवायचा आठवडा

सगळं मांडून झालं की पेटी रिकामी चालवा. किमान तीन दिवस, शक्य असेल तर सात. सकाळी सात, दुपारी दोन, रात्री दहा असे गरम जागेचे, गार हवेचे आणि ओलाव्याचे आकडे वहीत लिहा. दुपारी गार टोक २८ वर जातं आहे असं दिसलं तर पेटी छोटी आहे किंवा बल्ब मोठा आहे. थर्मोस्टॅट उतरवून हा प्रश्न सुटत नाही, कारण मग गरम टोकही गार होतं. कमी वॅटचा बल्ब लावा. रात्री थर्मोस्टॅटचा प्लग काढून पाहा, सकाळपर्यंत तापमान किती उतरतं ते कळेल. वीज गेलेल्या रात्रीसाठी तो आकडा माहीत हवा.

पेटी एका सापासाठीच. ‘एकटा कंटाळेल’ म्हणून दुसरा आणू नका. त्यांना सोबत लागत नाही, आणि पिल्लं एकमेकांना गिळूही शकतात.

साप घरी आल्यावर

साप घेताना ब्रीडरकडून तीन गोष्टी लिहून घ्या: शेवटचं खाणं कधी, काय आणि केवढं, किमान चार-पाच वेळा मेलेला, वितळवलेला उंदीर त्याने घेतला आहे का, शेवटची कात कधी टाकली. जिवंतच उंदीर खाणारं पिल्लू सुरुवातीला घेऊ नका. जिवंत उंदीर उलटून सापालाच चावतो.

घरी आणलं की पिशवीसकट पेटीत ठेवा, पिशवीचं तोंड मोकळं करा, दार लावा. पहिले सहा-सात दिवस हात लावायचा नाही, खायला द्यायचं नाही, फक्त पाणी बदलायचं. पाहुण्यांना दाखवणं या आठवड्यात बंद. पिल्लू शेपटी थरथरवतं, एस आकारात मान घेऊन झेपावतं. ते भ्यालेलं असतं, रागावलेलं नसतं.

पहिलं खाणं सातव्या-आठव्या दिवशी. सापाच्या अंगाची सगळ्यात जाड जागा जेवढी, तेवढ्याच किंवा दीडपट जाडीचा उंदीर. अंड्यातून नुकत्या निघालेल्या पिल्लाला एक ‘पिंकी’ (उंदराचं नुकतं जन्मलेलं, बिनकेसांचं पिल्लू), दर पाच ते सात दिवसांनी. मोठ्या सापाला एक मोठा उंदीर दर दहा ते चौदा दिवसांनी पुरतो. जास्त लाडाने साप लठ्ठ होतो, आणि लठ्ठ साप उपाशी सापापेक्षा जास्त दिसतात. उंदीर आदल्या रात्री फ्रीजरमधून फ्रीजमध्ये घ्या. देण्याआधी बंद पिशवीत घालून गरम पाण्यात १५ ते २० मिनिटं ठेवा, म्हणजे तो अंगाच्या उबेएवढा, साधारण ३८ अंश होतो. मधोमध दाबून पाहा, आत बर्फाची गाठ लागली तर पुन्हा पाण्यात. मायक्रोवेव्ह नको, उंदीर फुटतो, आणि त्यानंतर तो मायक्रोवेव्ह घरातलं कुणी वापरत नाही. लांब चिमट्याने, डोक्याकडची बाजू पुढे करून द्या. त्याच पेटीत भरवा. वेगळ्या डब्यात नेऊन भरवल्याने साप चावरा होत नाही हे मत अजून ऐकू येतं, पण जेवल्यावर उचलून परत आणताना तो उलटी करतो, एवढंच त्यातून निघतं. खाल्ल्यावर ४८ तास हात लावायचा नाही.

उलटी झाली तर लगेच दुसरा उंदीर देऊ नका. पोटातली आम्लं भरून यायला वेळ लागतो. दहा ते चौदा दिवस थांबा, गरम टोकाचा आकडा तपासा, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा द्या. दुसऱ्यांदा उलटी झाली तर सरपटणारे प्राणी पाहणाऱ्या पशुवैद्याकडे न्या, विष्ठेचा नमुना सोबत घेऊन. श्वासाला शिट्टीसारखा आवाज, तोंडाशी फेसाचे बुडबुडे, तोंड वर करून बसणं ही फुप्फुसाच्या संसर्गाची लक्षणं. तेव्हा दुसऱ्या उलटीची वाट पाहायची नसते.

कात टाकण्याआधी अंग निस्तेज होतं, डोळे निळसर दुधाळ होतात. चार-सात दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात, आणि त्यानंतर तीन-चार दिवसांत कात निघते. या काळात खाणं नाकारलं तर ते नेहमीचंच. कात मोज्यासारखी एकसंध, उलटी निघायला हवी, डोळ्यांवरच्या दोन गोल भिंगांसकट. ती भिंगं कातेत आहेत का ते उजेडात धरून पाहा. तुकड्यातुकड्याने निघाली तर ओलावा कमी पडला. कोमट, २८-३० अंशांच्या, पोटाला लागेल एवढ्याच पाण्यात झाकणाच्या डब्यात अर्धा तास ठेवा, मग ओल्या टॉवेलमधून त्याला आपणहून सरपटू द्या. डोळ्यावर राहिलेलं भिंग नखाने किंवा चिमट्याने काढू नका. पुढच्या कातेची वाट पाहा, किंवा डॉक्टरकडे जा. शेपटीच्या टोकावर राहिलेला कातेचा वळा मात्र लगेच भिजवून सोडवा. तो आवळत जातो आणि टोक सुकून पडतं.

सफाई: विष्ठा दिसली की त्याच दिवशी, आजूबाजूच्या मूठभर भुशासकट. सगळा भुसा दोन-तीन महिन्यांनी. पुसायला जंतुनाशक: एफ-१० लिटरला चार मिलिलिटर, किंवा क्लोरहेक्सिडीन. मग पाण्याने पुसून पूर्ण वाळवायचं. फिनाइल, डेटॉल, फरशीचे सुगंधी क्लीनर, डांबरगोळ्या पेटीच्या जवळपासही नकोत. फिनॉल सापाला विषारी आहे. भांडी किचनच्या सिंकमध्ये धुऊ नका. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला हा आजार पसरवणारा जंतू असू शकतो, साप दिसायला कितीही ठणठणीत असला तरी. हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, आणि पाच वर्षांखालच्या मुलांनी साप आणि पेटी हाताळायचीच नाही. गरोदर बाई, वयस्कर माणसं, केमो चाललेलं कुणी घरात असेल तर साप आणण्याचा बेत लांबवा.

इतकं करूनही एखाद्या दिवशी पेटी रिकामी दिसेल. आधी भुसा उपसा. निम्म्या वेळा साप त्यातच असतो. नसेल तर त्या खोलीचं दार बंद करून खालच्या फटीत टॉवेल कोंबा. उबदार, काळोखी, अरुंद जागा शोधा: फ्रीजच्या मागचा कॉम्प्रेसर, वॉटर हीटरचा तळ, सोफ्याच्या खालचं फाटलेलं अस्तर, पुस्तकांच्या मागे. वॉशिंग मशीन आत पाहिल्याशिवाय सुरू करू नका. दिवे मालवा आणि दारांच्या उंबऱ्यापाशी, भिंतीच्या कडेने कणकेची पातळ रेघ ओढा. कॉर्न स्नेक संध्याकाळी आणि पहाटे हिंडतो. सकाळी रेघेत नागमोडी खूण उमटलेली असेल, आणि ती कुठल्या खोलीकडे वळली आहे तेही कळेल.